अनुभव द्यायचा कोणी?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण भिंगारच्या या व्याख्यानमालेला जमलो आहोत ते सर आयटीआयमध्ये निदेशक होते. त्यांच्या हाताखाली फिटर, टर्नर, वायरमन झालेली माणसं आज समोर बसली आहेत. काही जण आपल्या मुलामुलींना घेऊन आले आहेत. सरांनी ज्यांना शिकवलं त्यांना काम मिळालं. त्यांची मुलं त्यांच्यापेक्षा जास्त शिकली आणि तरी घरी बसून आहेत. म्हणून आजचा विषय मी पहिल्या नोकरीचा घेतला.

जाहिराती तुम्ही वाचताच. ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे, अनुभव 2 वर्षं.’ ‘अकाउंटंट पाहिजे, टॅली व जीएसटीचा अनुभव आवश्यक.’ मेडिकलमध्ये, शोरूममध्ये, पतसंस्थेत, सगळीकडे तीच ओळ. कालपरवा परीक्षा दिलेल्या पोराने अनुभव आणायचा कुठून, हे इथल्या घराघरांत विचारून झालं आहे. मला आज दुसरं विचारायचं आहे. हा अनुभव द्यायचा कोणी? माझं उत्तर सुरुवातीलाच सांगतो. अनुभव फक्त कामाच्या जागी तयार होतो, म्हणून तो देण्याचं काम आणि त्याचा खर्च नोकरी देणाऱ्याने उचलला पाहिजे. गेल्या काही वर्षांत तो खर्च हळूहळू पोरांच्या आईबापांवर ढकलला गेला आहे, आणि आपण सगळ्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं आहे.

हे मी भिंगारमध्ये मुद्दाम बोलतो आहे. आपल्या शेजारी एक असा मालक आहे जो नव्या माणसाला अनुभव विचारतच नाही. तो म्हणजे लष्कर. 1948 मध्ये रणगाडा दलाच्या वेगवेगळ्या प्रशिक्षण शाखा नगरला एकत्र झाल्या आणि आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं. 1979 मध्ये मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट स्थापन झाली, तिचंही केंद्र इथेच. भरतीत पोराची परीक्षा घेतात, उंची मोजतात, छाती मोजतात, त्याला पळवतात. ‘याआधी रणगाडा चालवला आहेस का?’ असं कोणी विचारत नाही. ज्याने आयुष्यात ट्रॅक्टरचं स्टिअरिंगही धरलेलं नाही असा मुलगा इथे येतो, आणि काही महिन्यांनी के. के. रेंजच्या सराव-मैदानावर कित्येक टनांचं धूड सरावाने फिरवतो. शिकत असतानाही त्याला पगार मिळतो, जेवण मिळतं, अंगावर कपडे मिळतात. शिकवणारा हवालदार त्याच्यावर ओरडतो, पण त्याला शिकवल्याशिवाय सोडत नाही, कारण या पोराच्या हातात उद्या कोणाचे तरी प्राण असणार हे त्या हवालदाराला ठाऊक असतं.

भिंगारमध्येच जन्मलेल्या एका माणसाचं उदाहरण देतो. किसन बाबूराव हजारे, म्हणजे अण्णा हजारे, यांचा जन्म 1937 चा, याच गावातला. पुढे कुटुंब राळेगणसिद्धीला गेलं. अण्णा मुंबईला गेले, सातवीपर्यंत शिकले आणि परिस्थितीमुळे दादरला फुलं विकू लागले. 1960 मध्ये ते लष्करात गेले आणि ट्रकचालक झाले. त्यांच्या नंतरच्या आंदोलनांविषयी इथे वेगवेगळी मतं असतील, आज तो विषय नाही. मी फक्त त्यांची पहिली पक्की नोकरी पाहतो आहे. सातवी शिकलेला, फुलं विकणारा तरुण. आजच्या एखाद्या वाहतूक कंपनीच्या जाहिरातीत तो बसला असता का? ‘हेवी लायसन्स आणि 3 वर्षांचा अनुभव’ या ओळीपाशीच त्याचा अर्ज बाजूला पडला असता.

यावर कोणी म्हणेल, लष्कराचं सोडा, तो सरकारी पैसा आहे, कारखानदाराला ते परवडणार नाही. मग आपल्याच जिल्ह्यातले कारखाने पाहू. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. असा सहकारी कारखाना त्याआधी महाराष्ट्रात कोणी चालवून दाखवलेला नव्हता. सहकारी साखर कारखाना चालवण्याचा अनुभव असलेला संचालक किंवा कारकून त्यांनी कुठून आणला असता? 1972 मध्ये फिरोदियांनी कायनेटिकची लुना आणली. नगरच्या पोरांनी त्याआधी मोपेड जुळवली होती का? या दोन्ही ठिकाणी माणसं आधी घेतली आणि मग कामावर तयार केली. नगरची जुनी आठवण काढायची तर आणखी मागे जाता येईल. अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांच्या नगरमधल्या संस्थेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले असं त्यांचे चरित्रकार सांगतात. मुलींना शिकवणारी, शिकून तयार झालेली एतद्देशीय बाई मिळणं त्या काळी दुरापास्त होतं. म्हणून ती बाई आधी घडवावी लागली. आपला जिल्हा ज्या ज्या गोष्टींचा अभिमान बाळगतो, त्या सगळ्या कोरी पाटी असलेल्या माणसांनी उभ्या केल्या आहेत.

मग बदललं काय? इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण दुखणं इथे आहे.

नागापूरच्या एमआयडीसीत, सुप्याला, रांजणगावला, चाकणला आज पोरगा कामाला लागतो तो बहुतेक वेळा कंपनीत लागत नाही, ठेकेदाराकडे लागतो. ओळखपत्र ठेकेदाराचं, पगार ठेकेदाराचा, आणि मशीन कंपनीचं. आपल्याकडे कारखान्यांसाठीच्या आदर्श स्थायी आदेशांत अशी तरतूद होती की तात्पुरत्या कामगाराने वर्षभरात 240 दिवस काम केलं की त्याला कायम करावं. कामगाराच्या रक्षणासाठी केलेली ही तरतूद. तिचा परिणाम काय झाला हे इथल्या पोरांना विचारा. सात महिने झाले की ‘ब्रेक’. मग दुसरी कंपनी, पुन्हा सात महिने, पुन्हा ब्रेक. चार वर्षांनी त्या पोराच्या हाताला प्रेस शॉपचं काम माहीत असतं, वेल्डिंग माहीत असतं, असेंब्ली लाइन माहीत असते. मुलाखतीत त्याला विचारतात, ‘तू एका जागी टिकत का नाहीस?’ ज्याला टिकू दिलं नाही त्यालाच न टिकल्याबद्दल जाब विचारला जातो. मला या प्रश्नाचा संताप येतो. ठेकेदार बदलला की आधीच्या कामाचा कागदही मिळत नाही, त्यामुळे चार वर्षं राबूनही कागदोपत्री तो ‘फ्रेशर’च राहतो.

ठेकेदाराला त्याला शिकवण्यात काही रस नसतो. त्याचा धंदा डोकी पुरवण्याचा आहे. कंपनीलाही रस नसतो, कारण माणूस तिचा नाही. सात महिन्यांनी जाणाऱ्या माणसाला कोण सीएनसीचं प्रोग्रॅमिंग शिकवेल? त्याला बटण दाबायला शिकवतात, तेवढंच. मग दोन वर्षांनी तीच कंपनी तक्रार करते की कुशल माणूस मिळत नाही.

कारखानदाराची बाजूही मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. लहान वर्कशॉपवाला म्हणतो, नवा पोरगा पहिले सहा महिने मला महागच पडतो. तो माल खराब करतो, ड्रिल मोडतो, त्याच्याजवळ उभं राहून शिकवण्यात माझ्या जुन्या कारागिराचा अर्धा दिवस जातो. आणि हात बसला की चाकणची कंपनी दोन-तीन हजार जास्त देते, पोरगा तिकडे जातो. मी शिकवायचं आणि फळ दुसऱ्याने खायचं. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1960 च्या दशकात हाच प्रश्न शास्त्रशुद्ध मांडला होता. जे कौशल्य कुठल्याही कारखान्यात चालतं त्याचा खर्च मालक स्वतःहून करत नाही, तो शिकणाऱ्यावर टाकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पण जी गोष्ट एकट्या मालकाला परवडत नाही ती सगळ्या मालकांनी मिळून करायची असते, हे जर्मनीने दाखवलं. तिथे 1969 च्या व्यवसायशिक्षण कायद्याखाली पोरगा आठवड्यातले काही दिवस शाळेत आणि उरलेले कारखान्यात काढतो. दोन ते साडेतीन वर्षं हा क्रम चालतो, कंपनी त्याला भत्ता देते आणि शेवटी परीक्षा घेते ती व्यापारी-उद्योजकांची मंडळं. ते प्रमाणपत्र देशभर चालतं. एका कंपनीने शिकवलेला पोरगा दुसरीकडे गेला तरी पहिलीचं फारसं बिघडत नाही, कारण तिसरीने शिकवलेला तिच्याकडे येतो. नागापूरचे सगळे उद्योजक असं ठरवू शकत नाहीत का? ते एकमेकांना ओळखतात, त्यांच्या संघटना आहेत, त्यांच्या वार्षिक सभा होतात.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे, म्हणजे जर्मनीच्या त्या कायद्याच्याही आधीचा. 2019 मध्ये नियम बदलले तेव्हा 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं. प्रमाण मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के, किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे 5,000 ते 9,000 रुपये असं तेव्हा ठरलं. त्यात अर्थात एक पळवाट आहे. शिकाऊ उमेदवाराला पुढे नोकरी दिलीच पाहिजे असं कायदा सांगत नाही. तरीही 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या एसटीच्या एका प्रकरणात म्हटलं की बाकी सगळं सारखं असेल तर तिथे शिकलेल्या उमेदवाराला बाहेरून आलेल्यापेक्षा प्राधान्य द्यावं, आणि संस्थेने आपल्याकडे शिकलेल्यांची यादी ठेवावी. तीसहून अधिक वर्षं झाली या निकालाला. आपल्या शिकाऊ पोरांपैकी किती जणांना तो माहीत आहे? इथल्या वाचनालयाच्या फलकावर तो मराठीत लावावा अशी माझी व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे.

जुन्या मंडळींना एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कचेरीचं कार्ड आठवत असेल. त्याच्या नूतनीकरणासाठी रांगा लागत. 1959 च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांना रिकाम्या जागा त्या कचेरीला कळवणं भाग होतं, पण तिथूनच माणूस घ्या अशी सक्ती नव्हती. जागा कळवल्या गेल्या, माणसं मात्र दुसऱ्या वाटेने भरली गेली.

अलीकडची गोष्ट म्हणजे 2024 च्या जुलैमध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये, आणि सहा महिने कामाचा अनुभव. ग्रामपंचायतींपासून जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत हजारो पोरं-पोरी लागली. पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढली. अकरा महिने संपले आणि हीच मुलं रस्त्यावर आंदोलनाला बसली. त्यांना हिणवणारे लोक मी पाहिले. ‘प्रशिक्षण दिलं, आता नोकरीही द्यायची का?’ असं ते विचारत होते. मी त्या मुलांच्या बाजूने आहे. या योजनेतला पैसा ज्या दिशेने जातो ती दिशा बरोबर आहे, अनुभव मिळवून देण्यासाठी सरकारने खर्च करावाच. पण अनुभव दिल्यावर त्या अनुभवाला कोणी विचारणार की नाही, हे आधी ठरवायला हवं होतं. ज्या कचेरीत मुलीने अकरा महिने दाखले टाइप केले, त्याच कचेरीत पुढची जागा निघाल्यावर तिच्या अकरा महिन्यांना काहीच गुण नसतील, तर तिच्याकडून आपण स्वस्तात काम करून घेतलं एवढाच त्याचा अर्थ होतो.

आता घराकडे येतो. 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी मिळून भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यात 2022 च्या आकडेवारीनुसार तरुण पदवीधरांमधली बेकारी 29.1 टक्के आणि लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमधली 3.4 टक्के होती. शिकल्यामुळे काम जातं असा याचा अर्थ कृपा करून काढू नका. न शिकलेल्या पोराला थांबायची सोयच नसते, तो दुसऱ्या दिवशी कांदा भरायला किंवा बांधकामावर जातो. पदवीधर पोराला घरचे थांबू देतात. त्याच्या थांबण्याचा खर्च बाप देतो, पाथर्डी रस्त्यावरची टपरी देते, आईची शिलाई मशीन देते. दिल्ली गेटकडच्या अभ्यासिकेची फी, भरतीचे अर्ज, पुण्याला मुलाखतीला जायचं तिकीट, मित्राच्या खोलीवरचा मुक्काम, हे सगळं त्या घराने कंपन्यांना दिलेलं अनुदान आहे. कुठल्याही ताळेबंदात ते दिसत नाही.

मुलींचं तर याहून वेगळं. सुप्याची बस पहाटे निघते आणि दुसऱ्या पाळीची मुलगी रात्री उशिरा माळीवाड्याला उतरते. तिथून भिंगारला आणायला कोण जाणार, यावर घरात चर्चा होते आणि नोकरी तिथेच संपते. मग दोन वर्षं अनुभव नाही, मग लग्न, मग मूल, आणि तिशीत ती पुन्हा उभी राहिली की ‘गॅप का आहे?’ असं विचारतात. माझ्या माहितीतल्या मुलींनी त्या दोन वर्षांत घरी शिकवण्या घेतल्या, बचत गटाचे हिशेब लिहिले, पापड-लोणच्याच्या ऑर्डरी सांभाळल्या. बारा बायकांच्या गटाची वही पैशापैशाने जुळवणारी मुलगी अकाउंट असिस्टंट म्हणून चालत नाही, कारण त्या वहीवर कोणाच्या लेटरहेडचा शिक्का नाही.

हा माझ्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग आहे. आपल्या पोरांजवळ अनुभव नसतो हे मुळात खरं नाही. कोणी मामाच्या गॅरेजमध्ये दोन उन्हाळे काढलेले असतात, कोणी दूध संकलन केंद्रावर फॅट लावलेली असते, कोणी लग्नाच्या हंगामात केटरिंगचे पन्नास वाढपी हाताळलेले असतात, कोणी मोटार रिवाइंडिंग केलेलं असतं. या कामाला कागद नसतो आणि म्हणून ते बायोडेटात जात नाही. दुसऱ्या बाजूला, ज्याच्या काकाची कंपनी आहे त्याला न केलेल्या कामाचा दाखला मिळतो. अनुभवाची अट कौशल्य तपासते असं आपण समजतो. पुष्कळदा ती ओळख तपासते. ज्या घरात आजवर कोणी कचेरीत बसलेलं नाही त्या घराला ती बाहेर ठेवते, आणि अशी घरं कोणाची असतात हे मी या सभेला सांगायला नको.

याच गरजेवर जगणारी माणसंही आहेत. खोटा अनुभवाचा दाखला विकणारे आहेत, ‘ट्रेनिंग डिपॉझिट’ म्हणून पाच-दहा हजार घेऊन फोन बंद करणारे आहेत. तरुण मित्रांनो, नोकरी देणारा तुमच्याकडे पैसे मागत नाही. मागितले की उठून या. खोटा दाखलाही घेऊ नका. खऱ्या कामाचा खरा दाखला मागायला शिका. गॅरेजवाल्या मामाला सांगा की दोन ओळी लिहून दे, कोणतं काम केलं, किती महिने केलं, खाली सही आणि फोन नंबर. नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यांत नियुक्तिपत्र देणं मालकाला बंधनकारक आहे. ठेकेदाराकडे लागलात तरी ते पहिल्याच आठवड्यात मागा आणि सांभाळून ठेवा.

आणखी एक गोष्ट आपल्या दाराशी येऊन ठेपली आहे. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि जानेवारी 2023 मध्ये लष्करातल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण सुरू झालं. चार वर्षांनी त्यांतल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांना कायम घेणार, बाकीचे बाहेर येणार. इथल्या केंद्रांतही अग्निवीर घडले आहेत. विशीतले हे तरुण चार वर्षांचा कडक अनुभव घेऊन परत येतील. त्यांना आपले कारखाने, शोरूम, पतसंस्था काय म्हणणार आहेत? ‘हा अनुभव आमच्या कामाचा नाही’ असं म्हणून सुरक्षारक्षकाच्या खुर्चीत बसवणार असतील, तर ज्या एका मालकाने अनुभव दिला त्याचंही सगळं पाण्यात जाईल. ज्याने चिलखती गाडीचं इंजिन रात्रीच्या अंधारात खोलून जोडलं आहे तो तुमच्या वर्कशॉपमध्ये शिकणार नाही, असं कोणीही मला पटवू शकणार नाही.

या सभागृहात भिंगारचे दुकानदार आहेत, वर्कशॉपवाले आहेत, नागापूरला युनिट असलेले दोन-तीन जण मला ओळखीचे दिसताहेत. छावणी परिषदेशी आणि पतसंस्थांशी संबंधित मंडळीही आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे. पुढच्या वेळी माणूस शोधाल तेव्हा जाहिरातीतून अनुभवाची ओळ काढून टाका आणि त्याऐवजी उमेदवाराला अर्धा दिवस काम देऊन पाहा. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. वर्षाला निदान एक अगदी नवा मुलगा किंवा मुलगी घ्या, आणि ज्या घरात आजवर कोणाला पगाराची नोकरी नव्हती त्या घरातली घ्या. सहा महिने तिला शिकवा. ती जास्त पगारावर दुसरीकडे गेली तर जाऊ द्या, रागावू नका. जाताना तिने तुमच्याकडे काय काय काम केलं ते तुमच्या लेटरहेडवर लिहून, सही-शिक्का करून तिच्या हातात द्या.